सल्ला: स्वतः उभी केलेली एमजीबी देऊन बॉक्स्टर घेऊ का?

पत्र: नमस्कार दादा, मी मूळचा चिंचवडचा, नोकरीमुळे २०१६ पासून इकडे इंग्लंडात, लेमिंग्टनला राहतो आणि गेडनला, म्हणजे गाड्यांच्या कंपन्या आहेत तिथे, कामाला जातो. २०१८ मध्ये १९७२ ची एमजीबी रोडस्टर (एमजी या ब्रिटिश कंपनीची छत उघडणारी दोन सीटची गाडी) घेतली, अक्षरशः सडलेली, खाली सिल, म्हणजे दरवाज्याखालचे पत्रे, नावाला पण नव्हते. घरच्या गॅरेजमध्ये वेल्डिंग शिकत शिकत पाच वर्षांत उभी केली. टील ब्लू रंग, क्रोम बंपर, इंजिन पूर्ण खोलून परत बांधलं. सगळं मिळून २१ हजार पौंड गेले (बायकोला १५ सांगितलेत). आता गाडी तयार आहे तर गेल्या वर्षी जेमतेम ४०० मैल चालली. एम-४० मोटरवेवर ताशी सत्तर मैलांना इंजिन नुसतं ओरडतं, बोललेलं ऐकू येत नाही, आणि ट्रॅफिकमध्ये अडकलो की टेम्परेचरचा काटा वर वर. एका डीलरकडे २०१४ ची पोर्श बॉक्स्टर आहे, २.७, मॅन्युअल, २५ हजार. एमजीबीचे ९ हजार धरतो म्हणतोय, बाकीचं लोन. मित्र म्हणतात वेडा आहेस का, क्लासिक कधी कोणी देतं का, किंमत वाढतच जाते. मला काहीच सुचत नाहीये. ता.क. मुलगी झाल्यापासून बायको एमजीबीत बसत नाही.

उत्तर: आधी उत्तर सांगून टाकतो, उगाच शेवटपर्यंत ताटकळत ठेवत नाही. एमजीबी विका. पण त्या डीलरला नको, ९ हजारात तर नकोच नको, आणि तिच्या जागी बॉक्स्टरही आणू नका.

तुमचं मूळ पत्र बरंच मोठं होतं, मी इथे छाटलंय, आणि जे छाटलं ते सगळं गाडी बांधण्याबद्दलचं होतं. सिल कसे कापले, दरवाजाची फट जुळवायला किती वेळ गेला, कार्ब्युरेटर तीनदा का खोलला, सगळं कसं मन लावून लिहिलेलं. आणि चालवण्याबद्दल? दोन वाक्यं, दोन्ही तक्रारीची. म्हणजे तुम्हाला हौस आहे ती गाडी बांधायची, ही गाडी चालवायची नाही. यात वाईट काहीच नाही, असे लोक भरपूर आहेत, गाडी पूर्ण झाली की त्यांना चैन पडत नाही. पण मग पुढची गाडी निवडताना हे लक्षात ठेवायला पाहिजे, आणि बॉक्स्टर नेमकी तिथेच फसते, त्यावर येतो खाली.

मित्रांचं आधी बघू. "क्लासिकची किंमत वाढतच जाते" हे वाक्य ज्या गाड्या थोड्याच बनल्या त्यांच्यासाठी ठीक आहे. एमजीबी १९६२ ते १९८० सलग बनत होती, ॲबिंग्डनच्या कारखान्यात, आणि वरती छत असलेली जीटी धरली तर पाच लाखांच्या वर बनल्या. बरं नुसत्या बनल्या नाहीत तर टिकल्या पण, कारण स्पेअर पार्ट या गाडीइतके दुसऱ्या कुठल्याच ब्रिटिश क्लासिकचे सहज मिळत नसतील. ऑक्सफर्डशायरमध्ये विटनीला ब्रिटिश मोटर हेरिटेज म्हणून कंपनी आहे ती आजही मूळ साच्यांवर एमजीबीची अख्खी नवी बॉडीशेल बनवून देते. अख्खी! आणि गंमत म्हणजे एमजीबी बंद झाल्यावर बारा वर्षांनी, १९९२ मध्ये, रोव्हरने याच शेलच्या जोरावर आठ सिलिंडरची आरव्ही८ काढली होती, दोन हजारांच्या आसपास बनल्या आणि त्यातल्या बहुतेक जपानला गेल्या. तर सांगायचं काय, ज्या गाडीची बॉडी पण नवी मिळते ती दुर्मिळ कशी होणार? भाव गेल्या काही वर्षांत वर जायचे सोडून थोडे खालीच आलेत, कारण तरुणपणी या गाडीमागे लागलेली पिढी आता म्हातारी होऊन गाड्या विकायला काढतेय आणि तिशीतल्या पोरांना तेवढी ओढ नाही.

याची दुसरी बाजू तुमच्या फायद्याची आहे आणि ती तुमच्या एकाही मित्राने सांगितलेली दिसत नाही. एमजीबी विकणं म्हणजे कायमचं हातातून जाणं नाही. पाच वर्षांनी, मुलगी थोडी मोठी झाल्यावर, परत वाटलं तर परत घ्या. तेव्हाही बाजारात ढिगाने असतील, आणि कोणीतरी दुसऱ्याने २५ हजार घालून चकाचक केलेली गाडी तुम्हाला त्याच्या निम्म्यात मिळेल. हो, ती तुम्ही बांधलेली नसेल, पण बांधून तर झालंय ना तुमचं.

आता ते २१ हजार. ते गेले. हौसेला मोल नसतं म्हणतात ते घालताना ठीक आहे, विकायला काढली की मोल लागतंच आणि ते नेहमी कमी लागतं. रिस्टोरेशनचा खर्च परत मिळणारी गाडी एमजीबी नाहीच, कधी नव्हती. त्यामुळे "माझे २१ गेलेत आणि हा ९ देतोय" असा हिशोब करत बसू नका, नाहीतर तो आकडा डोक्यात घेऊन गाडी आणखी सहा वर्षं गॅरेजमध्ये उभी राहील आणि इंजिनातले रबरी सील वाळत बसतील. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर बिघडते हे तुम्हाला मी काय सांगायचं.

पण ९ हजार का नको, तर तो डीलर पोर्श विकणारा आहे, त्याच्याकडे एमजीबीचं गिऱ्हाईक येत नाही. तो ती घेईल आणि दुसऱ्या दिवशी ऑक्शनला किंवा ओळखीच्या क्लासिकवाल्याकडे पाठवेल, म्हणजे त्याला घाऊक भावाच्या खालीच घ्यायला लागणार, वर त्याचा फायदा. १९७२ ची क्रोम बंपरवाली, नीट बांधलेली रोडस्टर स्वतः विकली तर बारा-तेरा हजारांच्या खाली सोडायचं कारण नाही. वीसची स्वप्नं मात्र पाहू नका. इन्शुरन्सवाल्याने ॲग्रीड व्हॅल्यू, म्हणजे आधीच ठरवलेली विम्याची रक्कम, १८ हजार लिहून दिली असेल तर ती गाडी चोरीला गेल्यावरची किंमत आहे, गिऱ्हाईक ती देत नाही. क्रोम बंपर ही तुमची जमेची बाजू, हे विसरू नका. १९७४ च्या शेवटी अमेरिकेच्या नियमांसाठी काळे रबरी बंपर आले आणि गाडी उंच केली, त्या गाड्या अजूनही स्वस्तात जातात.

विकायची कशी? पहिली गोष्ट, आत्ता नाही, थंडीत तर नाहीच. छत उघडणारी गाडी मार्च-एप्रिलमध्ये जाहिरातीला टाकायची, उन्हाचा पहिला आठवडा आला की लोकांच्या अंगात येतं. दुसरी गोष्ट, एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याची इथली वार्षिक तपासणी, करून घ्या. चाळीस वर्षांवरच्या गाडीला २०१८ पासून एमओटीची सक्ती नाही (मोठे बदल केले नसतील तर), रोड टॅक्सही शून्य, हे तुम्हाला माहितीच असेल, पण ताजी एमओटी हातात असली की घेणारा निम्मे प्रश्न विचारतच नाही. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, वेल्डिंगचे फोटो. एमजीबीला वेगळी चासी नाही, सगळा भार बॉडीवर आणि त्यातही सिलवर, त्यामुळे जाणकार माणूस आधी तिथेच वाकतो. किती गाड्यांमध्ये आतली गंजलेली पट्टी तशीच ठेवून वरून नवा सिल चिकटवलेला असतो आणि रंग मारला की कोणाच्या बापाला कळत नाही. काही लोक तर जॅक लावून गाडी उचलतात आणि दरवाजा उघडतोय का अडकतोय ते बघतात, तसं कोणी केलं तर रागावू नका, खूष व्हा, तो खरा गिऱ्हाईक आहे. तुमच्याकडे आतल्या पट्टीपासूनचे फोटो तारखेने लावलेले असतील तर हजार-दीड हजाराचा फरक त्यानेच पडतो. पावत्यांची फाईल पण बनवा. आणि हो, ती फाईल महिनाभर तुमच्या डायनिंग टेबलवर पडणार आहे, तेव्हा २१ चा आकडा घरात आधीच सांगून टाका, गिऱ्हाईकाच्या तोंडून कळायला नको.

जाहिरात मालक-क्लबांच्या माध्यमातून टाका, ॲबिंग्डनचा एमजी कार क्लब १९३० पासूनचा आहे, तिथे येणाऱ्या माणसाला गाडी समजावून सांगावी लागत नाही. पैसे खात्यात दिसल्याशिवाय किल्ली द्यायची नाही, टेस्ट ड्राइव्हला येणाऱ्याचा इन्शुरन्स बघायचा, आणि विकल्या विकल्या डीव्हीएलएला, म्हणजे इथल्या आरटीओला, ऑनलाइन कळवायचं. वैयक्तिक वापरातली कार विकून फायदा झाला तरी इथे कॅपिटल गेन्स लागत नाही. तुमच्या बाबतीत तो प्रश्न येणार नाही म्हणा.

आता एमजीबीची थोडी बाजू घेतो, कारण तुमच्या तक्रारी ऐकून तिला शिव्या बसल्यासारख्या वाटतात. सत्तरला इंजिन ओरडतं कारण तुमच्या गाडीला ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिन कमी फिरवणारं गिअरबॉक्सला जोडलेलं युनिट) नाही, १९७२ मध्ये तो जादा पैसे भरून मिळायचा. चौथ्या गिअरवर सत्तरला साधारण ३,९०० आरपीएम होतात, ओव्हरड्राइव्हला तेच ३,२०० च्या आसपास. १,७९८ सीसीचं ९५ हॉर्सपॉवरचं जुनं लोखंडी इंजिन आहे ते, आपल्या अँबेसिडरमध्ये जे १,४८९ सीसीचं इंजिन होतं ना, त्याचाच मोठा भाऊ, बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या त्याच बी सिरीजचा. अँबेसिडर ताशी ११० किलोमीटरने एक्सप्रेसवेला ताणून बघितली असती तर तीही ओरडलीच असती. तापण्याचं म्हणाल तर नवीन बांधलेलं इंजिन थोडं घट्ट असतं ते आधी गरम चालतंच, पण रेडिएटर जुनाच ठेवला असेल तर तो आतून चोंदलेला असणार, स्पार्कचं टायमिंग पण एकदा टायमिंग लाइट लावून बघा. आणि पंपावरचं साधं ९५ पेट्रोल टाकत असाल तर बंद करा, सप्टेंबर २०२१ पासून ते ई-१० झालंय, त्यातलं इथेनॉल जुने रबरी पाइप खातं. सुपर अनलेडेड टाका, विकेपर्यंत तरी.

अजून एक करा, विकायच्या आधी. एम-४० सोडा आणि एका रविवारी सकाळी फॉस वे घ्या, तुमच्या घराजवळूनच जातो, रोमन लोकांनी आखलेला सरळ रस्ता, आणि तिथून खाली कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांच्या बाजूला उतरा. ही गाडी त्या रस्त्यांची आहे. पंचेचाळीस-पन्नासला तिच्यात बसलं की जमीन अशी जवळून जाते की वाटतं आपण केवढ्या वेगात आहोत. ते करून घरी आल्यावर जर पोटात कालवलं की नाही, विकायची नाही, तर माझं सगळं लिहिलेलं रद्द समजा, ओव्हरड्राइव्हवाला गिअरबॉक्स शोधा, नाहीतर पाच गिअरचं कन्व्हर्जन बसवा आणि मजा करा. मला वाटत नाही तसं होईल. पण विचारून घ्या स्वतःला एकदा.

कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही ता.क. म्हणून खाली ढकललीय. बायको बसत नाही. बरोबरच आहे तिचं. त्या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही, समोरून कोणी आलं तर १९६२ ची रचना आणि देवाची कृपा. तुम्ही हा धोका स्वतःसाठी घेऊ शकता, घरी तान्हं मूल असताना तिने का घ्यावा? यावर तिला समजवायला जाऊ नका. आणि तिच्यासाठी नवीन गाडी घेतोय असंही स्वतःला सांगू नका, कारण बॉक्स्टर पण दोन सीटचीच आहे, तिघं कुठल्याच रोडस्टरमध्ये मावत नाहीत, आणि पुढच्या सीटवर मागे तोंड असलेली बेबी सीट लावायची तर त्या बाजूची एअरबॅग बंद करावीच लागते, कायदा आहे तसा. तेव्हा ही गाडी तुमच्या हौसेची, फार तर कधी दोघांनी फिरायची. तेवढंच धरून चला म्हणजे बजेट पण ठिकाणावर राहतं.

तर बॉक्स्टर. गाडी जबरदस्त आहे, वाद नाही. २०१४ ची म्हणजे ९८१ नावाची पिढी, मागच्या चाकांच्या पुढे सहा सिलिंडरचं टर्बोशिवायचं इंजिन, २६५ हॉर्सपॉवर, आवाज असा की माणूस बोगद्यात काच खाली करतो. इंटरनेटवर इंजिनाच्या आतल्या आयएमएस बेअरिंगच्या भयकथा वाचून घाबरला असाल तर ते जुन्या, साधारण २००८ पर्यंतच्या गाड्यांचं, या इंजिनात ते बेअरिंगच नाही. मग हरकत काय? दोन. एक, ही गाडी दुसऱ्या गिअरमध्येच साठ ओलांडते आणि इथल्या गावाबाहेरच्या दुपदरी रस्त्यांची मर्यादाच साठ आहे. म्हणजे जिथे एमजीबी घाम फोडते तिथे हिला झोप येते, मजा यायला लागते तोवर लायसन्स धोक्यात. जर्मनीत राहत असतात तर वेगळं बोललो असतो.

दुसरी हरकत जास्त मोठी. बॉक्स्टरचं बॉनेट उघडलं की आत सामानाची जागा. मागची डिकी उघडली की परत सामानाची जागा, आणि कडेला ऑइल आणि कूलंट ओतायची झाकणं. इंजिन दिसतच नाही! ज्या माणसाने पाच वर्षं हात काळे केले त्याला तुम्ही झाकणं असलेली पेटी देताय. काही बिघडलं की गाडी उचला, खालून खोला, नाहीतर सरळ वर्कशॉपला न्या आणि बिल भरा. रोड टॅक्स शून्यावरून चारशेच्या घरात, टायर पोर्शच्या भावाचे, आणि वर १६ हजारांचं लोन. सहा महिन्यांनी तुम्ही मला पत्र लिहाल की दादा, गाडी छान आहे पण करायला काही नाही.

माझं मत विचाराल तर मियाटा, म्हणजे इकडे जिला एमएक्स-५ म्हणतात ती माझदा. तोंड वाकडं करू नका, बायकी गाडी वगैरे जे लोक म्हणतात त्यांनी ती चालवलेली नसते. ॲबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला, आणि इंग्रजांनी सोडून दिलेली ही हलकी, स्वस्त, मागच्या चाकांनी पळणारी रोडस्टर जपान्यांनी १९८९ मध्ये परत काढली, जुन्या लोटस एलानसारख्या गाड्या समोर ठेवून, फक्त ती पावसात चालू होते एवढाच काय तो फरक. चौथी पिढी, २०१५ नंतरची, १.५ इंजिन घ्या. वजन हजार किलोच्या आसपास, म्हणजे तुमच्या एमजीबीहून थोडंसंच जास्त, १३० च्या आसपास हॉर्सपॉवर, इंजिन साडेसात हजारांपर्यंत फिरतं आणि ते फिरवायला लायसन्स घालवावं लागत नाही. एअरबॅग, एबीएस, स्टॅबिलिटी कंट्रोल सगळं आहे. छत एका हाताने, सिग्नलला उभं असताना मागे टाकता येतं. आणि बॉनेट उघडलं की इंजिन दिसतं, ऑइल, प्लग, ब्रेक पॅड सगळं ड्राइव्हवेवर होतं. एमजीबीच्या बारा-तेरा हजारांत चांगली बसते, एक पैसा लोन नाही. फक्त स्वस्त म्हणून पहिल्या-दुसऱ्या पिढीची घ्यायला जाऊ नका, त्यांचे मागचे सिल सडतात, आणि तुम्हाला मी ओळखतो आता, तुम्ही परत वेल्डिंगची टोपी घालून बसाल.

गेडनला कामाला आहात म्हणजे ऑफिसात कोणीतरी एमजीच्याच नव्या सायबरस्टरचं नाव काढणार, नाव तेच, दरवाजे कात्रीसारखे वर जातात वगैरे. इलेक्ट्रिक आहे, पन्नास हजारांच्या वर किंमत होती नवी आली तेव्हा, आणि वजन दोन टनांच्या आसपास, म्हणजे दोन एमजीबी एकावर एक. बघून या, फोटो काढा, घरी या.

निर्णय घ्यायच्या आधी दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर चालवा, शोरूमच्या चौकाला वळसा घालून नाही, त्याच फॉस वेवर, त्याच रविवारी जमलं तर आणखी बरं. बॉक्स्टरवाला डीलर नाही म्हणाला तर तेही उत्तरच आहे. आणि एवढं सगळं करून बॉक्स्टरच पाहिजे असेल तर घ्या, तुमचे पैसे आहेत, पण एमजीबी वेगळी विकून मग घ्या, लोन तेवढंच तीन-चार हजारांनी कमी होईल. सर्व्हिस हिस्ट्री पूर्ण बघा आणि पोर्शच्या जाणकाराकडून तपासणी करून घ्या, त्याचे दोन-तीनशे पौंड वाचवू नका.

आणि तुम्ही लिहिलंय की जास्तीचे एसयू कार्ब्युरेटर, एक गिअरबॉक्स आणि हार्डटॉप (वरून बसवायचं कडक छत) पण पडलंय गॅरेजमध्ये. ते गाडीबरोबर फुकट देऊन टाकू नका. हार्डटॉप वेगळं विका, थंडीच्या तोंडावर, तेव्हा त्याला भाव येतो. कार्ब्युरेटर क्लबातला कोणी ना कोणी घेईलच. गिअरबॉक्सवर एकदा नीट बघा, त्याच्या मागे ओव्हरड्राइव्हचं युनिट आहे का ते. असेल तर ज्याच्याकडून घेतलात त्याला फोन करून सांगू नका.